आततायी कोणाला म्हणावे? एका जुन्या वादाचा आढावा

‘उगाच आततायीपणा करू नकोस,’ असे मराठी घरात वडीलधारे म्हणतात, तेव्हा त्यांना एवढेच सांगायचे असते की रागाच्या भरात टोकाला जाऊ नकोस, जरा थांब. वर्तमानपत्रातले ‘आततायी कृत्य’ही बहुधा अविचाराने उचललेले पाऊल असते. शेजारच्या हिंदीत हाच शब्द जुलमी राज्यकर्त्याला किंवा दहशतवाद्याला लावतात. धर्मशास्त्रात मात्र या शब्दाचे वजन वेगळेच होते. तिथे आततायी म्हणजे ज्याला ठार मारले तरी मारणाऱ्याला पाप लागत नाही असा माणूस. अहिंसेला परमधर्म मानणाऱ्या परंपरांनी हत्येला दिलेली ही उघड सूट आहे. म्हणून दोन हजार वर्षे विद्वान तिच्याभोवती वाद घालत आले. आततायी कोण, तो नेमका केव्हा आततायी होतो, त्याला कोणी मारावे आणि कोणाला कधीच मारू नये, हे त्या वादाचे मुख्य प्रश्न. वाद आज कुठे येऊन ठेपला आहे, हे या लेखात क्रमाने पाहू.

धनुष्यापासून यादीपर्यंत

शब्दाची व्युत्पत्ती साधी आहे. ‘आतत’ म्हणजे ताणलेले, म्हणून ताणलेले धनुष्य घेऊन चालून येणारा तो आततायी. शब्दाचा एक फार जुना वापर यजुर्वेदातल्या शतरुद्रियात आहे आणि तिथे तो चक्क देवाला उद्देशून आहे. वाजसनेयी संहितेच्या सोळाव्या अध्यायात आततायी रुद्राला नमस्कार केलेला आहे. तैत्तिरीय पाठात त्याच जागी ‘आततावी’ असे रूप येते. हा रुद्र गुन्हेगार नव्हे, पण तो सशस्त्र आहे आणि भीती वाटावी असा आहे. म्हणूनच त्याच सूक्तात त्याला पुन्हा पुन्हा विनवले आहे की धनुष्याची दोरी उतरव, बाणांची टोके बोथट कर. शब्दाच्या मुळाशी नीतिनिवाडा नव्हता, समोर उभे ठाकलेले संकट होते. पुढच्या सगळ्या वादासाठी ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

धर्मसूत्रांच्या काळात शब्द माणसांवर आला आणि त्याची यादी झाली. वसिष्ठ धर्मसूत्राच्या तिसऱ्या अध्यायातली सहा जणांची यादी सर्वांत प्रसिद्ध आहे: घराला आग लावणारा, विष घालणारा, हाती शस्त्र घेऊन आलेला, धन लुबाडणारा, शेत बळकावणारा आणि बायको पळवणारा. पुढे विष्णुस्मृतीत आणि कात्यायनाच्या नावावर मिळणाऱ्या वचनांत ही यादी लांबली. शाप देण्यासाठी हात उगारलेला, अथर्वण मंत्रांनी जारणमारण करणारा आणि राजाकडे चहाड्या करणारा हेही तिच्यात आले. कात्यायनाने तर दुसऱ्याची छिद्रे शोधत राहणाऱ्यालाही त्यात घातले. अमरकोशाने मात्र उलटी वाट धरली. अमरसिंहाच्या लेखी आततायी म्हणजे वध करायला उद्युक्त झालेला, बस्स.

म्हणजे एकाच शब्दाच्या दोन ओढी सुरुवातीपासून दिसतात. एक ओढ अर्थ आवळून धरते: जीव घ्यायला आलेला तोच आततायी. दुसरी तो सैल सोडते: मोठा अपराध करणारा प्रत्येक जण आततायी. धनुष्याची ताणलेली दोरी कोणालाही दिसते. मंत्र पुटपुटणाऱ्याचा हेतू दिसत नाही, त्याचा तर्कच करावा लागतो. यादी जितकी लांबते, तितका हा शब्द पुराव्याकडून संशयाकडे सरकतो.

मनूचे दोन श्लोक

या वादाचा कणा म्हणजे मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायातले ३५० आणि ३५१ हे श्लोक. त्यांच्या आधीचे दोन श्लोक संदर्भ सांगतात. धर्माला अडथळा येत असेल तर द्विजांनी शस्त्र धरावे, आणि स्वतःच्या, स्त्रियांच्या वा ब्राह्मणांच्या रक्षणासाठी धर्माने मारणाऱ्याला दोष नाही. मग ३५०वा श्लोक येतो. गुरू असो, बालक असो, म्हातारा असो की बहुश्रुत ब्राह्मण असो, तो आततायी होऊन चालून येत असेल तर विचार करत न बसता त्याला मारावे, असे तो सांगतो. पुढचा श्लोक म्हणतो की आततायीला उघडपणे मारा की गुपचूप, मारणाऱ्याला दोष नाही. कारण तिथे क्रोधच क्रोधाला भिडतो. ‘क्रोध क्रोधाला भिडतो’ ही कल्पना बौधायन धर्मसूत्रातही आहे आणि महाभारतातही. जणू मारणारा आणि मरणारा ही माणसे बाजूला होतात आणि दोघांच्या आतला राग एकमेकांशी लढतो.

या दोन श्लोकांत एक ताण आहे आणि टीकाकारांना तो चांगलाच जाणवला. पहिल्यात ‘चालून येत असलेला’ असे वर्तमानकाळी विशेषण आहे. त्यावरून ही सूट केवळ हल्ला चालू असेपर्यंतची दिसते. दुसऱ्यात ‘गुपचूप’ आहे. समोरून चालून येणाऱ्याला गुपचूप कसे मारणार? मग ही सूट हल्ला होऊन गेल्यावरही लागू आहे काय? विष घालणाऱ्याच्या बाबतीत तर ‘चालून येणे’ दिसतच नाही. कृत्य कळते तोवर ते घडून गेलेले असते. मनूने हा पेच सोडवलेला नाही, आणि तो इथून पुढे प्रत्येक पिढीपुढे आला.

दुसरा पेच वर्णाचा. त्याच मनूने अन्यत्र ब्रह्महत्येला महापातक ठरवले आहे आणि जाणूनबुजून केलेल्या ब्राह्मणवधाला प्रायश्चित्तच नाही असेही म्हटले आहे. मग आततायी ब्राह्मणाचे काय करायचे?

विज्ञानेश्वराची चिरफाड

या दुसऱ्या पेचावरची सर्वांत कसून केलेली चर्चा विज्ञानेश्वराच्या ‘मिताक्षरा’त आहे. विज्ञानेश्वर हा चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या काळातला. त्याने याज्ञवल्क्यस्मृतीवर ही टीका कल्याणीत, म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणात, लिहिली. काळ साधारण इसवी सन ११००च्या आसपासचा.

याज्ञवल्क्याच्या व्यवहाराध्यायातला एकविसावा श्लोक सांगतो की दोन स्मृतींत विरोध आला तर व्यवहारातला न्याय बलवान, आणि अर्थशास्त्रापेक्षा, म्हणजे राजनीतीच्या शास्त्रापेक्षा, धर्मशास्त्र बलवान. यासाठी कोणते उदाहरण द्यायचे? काही विद्वान आततायीचेच उदाहरण देत. गुरूलाही मारा हे वचन अर्थशास्त्राचे, ब्राह्मणाला मारू नका हे धर्मशास्त्राचे, म्हणून दुसरे वरचढ, असे ते सांगत. विज्ञानेश्वराला हे पटत नाही. त्याचे म्हणणे असे की इथे विरोध मुळात नाहीच. मनूचे वचन गुरूला मारण्याचा विधी सांगत नाही. ते जोर देण्यासाठी केलेले विधान आहे: गुरूसुद्धा जिथे सुटत नाही, तिथे इतरांचे काय सांगावे! अशा वाक्यावरून गुरूला खरोखर मारावे असा आदेश निघत नाही. आधाराला तो स्मृतिकार सुमंतूचे वचन घेतो. त्यानुसार आततायीच्या वधात दोष नाही, मात्र गाय आणि ब्राह्मण यांचा अपवाद. आततायीचे उदाहरण मोडून काढल्यावर विरोध दाखवायला तो दुसरेच उदाहरण देतो. सोन्या-जमिनीच्या लाभापेक्षा मित्र मिळवणे श्रेष्ठ हे राजनीतीचे वचन एकीकडे, आणि राजाने राग-लोभ सोडून निवाडा करावा हे धर्माचे वचन दुसरीकडे.

मग ब्राह्मण हल्लेखोर समोर आला तर मार खायचा? तसेही नाही. स्वतःचा जीव वाचवण्यासाठी त्याला रोखावे, मारण्याचा हेतू धरू नये. रोखताना चुकून तो मेला तर हलके प्रायश्चित्त पुरे आणि राजदंड नाही. या तोडग्याला दोन अंगे आहेत आणि दोन्ही सांगायला हवीत. हेतू आणि परिणाम वेगळे करणे, रोखणे आणि मारणे यांत फरक करणे, ही न्यायविचारातली मोठी झेप आहे. पण ही काळजी ज्या निमित्ताने घेतली गेली ते निमित्त एका वर्णाच्या सुरक्षिततेचे होते. शूद्र हल्लेखोराच्या जिवासाठी कोणी एवढा युक्तिवाद केला नाही. पुढे कलिवर्ज्यांच्या, म्हणजे कलियुगात निषिद्ध मानलेल्या आचारांच्या यादीत धर्मयुद्धातही आततायी ब्राह्मणाचा वध करू नये हा नियम आला आणि अपवाद आणखी घट्ट झाला.

ही सगळी मते एकत्र वाचायची सोय मराठी मुलखातल्या विद्वानांनी करून ठेवली आहे. भारतरत्न पां. वा. काणे यांच्या १९३० ते १९६२ या काळात प्रसिद्ध झालेल्या ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ या ग्रंथात आततायीवरच्या मतमतांतरांचा परामर्श आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली वाईच्या प्राज्ञपाठशाळेने काढलेल्या ‘धर्मकोशा’च्या व्यवहारकांडात मूळ वचने आणि टीका विषयवार लावून दिल्या आहेत. काण्यांकडून घेण्यासारखी एक शिस्त अशी की ‘शास्त्र काय सांगते’ असे एकवचनी विधान ते सहसा करत नाहीत. कोण काय म्हणतो आणि कोणाविरुद्ध म्हणतो, हे ते दाखवतात.

अर्जुन दोनदा बोलतो

महाभारतात हा वाद नुसता सांगितलेला नाही, तो घडताना दिसतो. गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुन कौरवांना आततायी म्हणतो आणि लगेच म्हणतो की यांना मारून आपल्याला पापच लागेल. वसिष्ठाची यादी हाताशी धरली तर कौरवांवर सहाही कलमे लागतात: वारणावतातले लाक्षागृह, भीमाला दिलेले विष, समोर उगारलेली शस्त्रे, द्यूतात हिरावलेले धन, राज्य, आणि द्रौपदीची विटंबना. अर्जुनाला हे माहीत आहे, म्हणून तर तो तो शब्द वापरतो. तरीही शास्त्राने दिलेली सूट तो नाकारतो.

टीकाकारांना या ठिकाणी खुलासा द्यावाच लागला. शंकराचार्यांचे भाष्य दुसऱ्या अध्यायात सुरू होते, त्यामुळे त्यांच्यापुढे हा प्रश्न आलाच नाही. श्रीधरस्वामी सहा आततायींची यादी देतात आणि सांगतात की वधाची परवानगी अर्थशास्त्राची, अहिंसा धर्मशास्त्राची, आणि धर्मशास्त्र बलवान. म्हणून अर्जुनाची शंका रास्त आहे. विज्ञानेश्वराने जे उदाहरण मोडीत काढले होते, तेच इथे अर्जुनाच्या बाजूने उभे राहते. ज्ञानेश्वरीचा भर वेगळ्या जागी आहे. कोरडे लाकूड पोखरणारा भुंगा कोवळ्या कळीत अडकतो, त्या दृष्टान्ताने ज्ञानदेव अर्जुनाच्या मनाचे द्रवणे समजावतात. त्यांना अपराध्यांच्या यादीपेक्षा स्नेहाचा गुंता मोठा वाटतो. ग्रंथाच्या शेवटी तर ते दुष्टांचा नाश मागत नाहीत, त्यांचा वाकडेपणा जावा एवढेच मागतात.

एक गोष्ट मात्र चर्चेत फारशी येत नाही, आणि ती मला निर्णायक वाटते. गीतेत ‘आततायी’ हा शब्द एकदाच येतो, आणि तो अर्जुनाच्या तोंडी. कृष्ण पुढे सतरा अध्याय बोलतो. आत्म्याचे अमरत्व, स्वधर्म, निष्काम कर्म असे अनेक मुद्दे मांडतो. पण ‘हे आततायी आहेत, म्हणून मार’ असे तो एकदाही म्हणत नाही. गीतेचा हवाला देऊन आततायीच्या वधाचे समर्थन करणाऱ्यांनी याची दखल घ्यायला हवी.

युद्ध संपते. शांतिपर्वात शोकाने खचलेला युधिष्ठिर राज्य सोडायला निघतो, तेव्हा त्याची समजूत घालायला अर्जुनच पुढे येतो. दंडाची थोरवी सांगताना तो म्हणतो की चालून आलेल्या आततायीला मारण्यात पाप नाही, क्रोधच क्रोधाला भिडतो. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या चिकित्सक आवृत्तीत हे वचन शांतिपर्वाच्या पंधराव्या अध्यायात आहे. युद्धाआधीचा अर्जुन आणि युद्धानंतरचा अर्जुन एकाच शब्दावर दोन विरुद्ध उत्तरे देतात. एक मारण्याआधी बोलतो, दुसरा मारून झाल्यावर. महाभारतकाराने यांपैकी एकाला खोडून टाकलेले नाही.

याहून तीक्ष्ण प्रसंग भागवताच्या पहिल्या स्कंधात आहे. रात्री शिबिरात शिरून द्रौपदीच्या झोपलेल्या पाच मुलांना मारणारा अश्वत्थामा पकडला जातो. अर्जुन त्याला जनावरासारखे बांधून आणतो. वाटेत कृष्ण त्याला मारून टाकण्याविषयी सुचवतो. तो अर्जुनाची परीक्षा पाहत असतो. पण शिबिरात द्रौपदीच त्याला सोडायला सांगते. तो गुरुपुत्र आहे, आणि मी जशी मुलांसाठी रडते आहे तशी याची आई कृपी रडू नये, असे तिचे म्हणणे. भीम म्हणतो, मारलाच पाहिजे. तेव्हा कृष्ण दोन्ही वचने एकत्र ठेवतो: नावापुरता ब्राह्मण असला तरी त्याला मारू नये, आणि आततायी वधालाच पात्र असतो, दोन्ही मीच सांगितले आहे, दोन्ही पाळ. अर्जुन तलवारीने त्याच्या डोक्यावरचा मणी केसांसकट कापून घेतो आणि त्याला हाकलून देतो. पुराणकाराचा खुलासा असा की मुंडन, धन काढून घेणे आणि हद्दपारी हाच अशा ब्राह्मणाचा वध. इथे वर्णाचा अपवाद आहे, यात शंका नाही. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ज्या बाईची पाचही मुले मारली गेली, तिचा शब्द त्या निर्णयात आहे. स्मृतींच्या याद्यांत बायको ही पळवून नेण्याची वस्तू आहे. भागवतातली द्रौपदी अपराध्याच्या शिक्षेबद्दल बोलते.

जैन आणि बौद्ध मार्ग

श्रमण परंपरांत हा शब्द मध्यवर्ती नाही, प्रश्न मात्र तोच आहे. जैन विचारात गृहस्थाच्या हिंसेचे चार प्रकार मानतात: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. संकल्पपूर्वक केलेली हिंसा त्याला पूर्ण वर्ज्य. स्वतःचे, कुटुंबाचे वा देशाचे रक्षण करताना घडणारी विरोधी हिंसा मात्र गृहस्थाला टाळता येत नाही, हे मान्य केलेले आहे. साधूला ही सवलत नाही. राष्ट्रकूट काळात, ९५९ साली, सोमदेवसूरीने पूर्ण केलेल्या ‘यशस्तिलक’ या ग्रंथात राजासाठी अशीच रेषा आखली आहे: रणात शस्त्र घेऊन उभा असलेला किंवा राज्याला काट्यासारखा सलणारा, यांवरच शस्त्र चालवावे, दीन, दुबळे आणि सद्भावाचे लोक यांवर नाही.

बौद्ध परंपरेत दोन टोके आहेत. मज्झिमनिकायातल्या करवतीच्या उपमेच्या सुत्तात बुद्ध भिक्षूंना सांगतात की दरोडेखोरांनी दुहाती करवतीने अंग अंग कापले, तरी ज्याचे मन द्वेषाने भरते तो माझी शिकवण पाळत नाही. त्याच निकायात अंगुलिमालाची कथा आहे. माणसे मारून त्यांच्या बोटांची माळ घालणारा हा डाकू भिक्षू होतो, अर्हत होतो, आणि गावातल्या लोकांनी फेकलेले दगड-गोटे सोसतो. स्मृतींच्या हिशेबाने तो आततायीच. बुद्ध त्याला वधाच्या यादीतून काढून माणसांत आणतात. उलट महायानातल्या उपायकौशल्य सूत्रात बोधिसत्त्व एका नौकेचा कप्तान असतो. पाचशे व्यापाऱ्यांना मारायला निघालेल्या एका चोराला तो ठार करतो. व्यापाऱ्यांचे जीव वाचावेत हे एक कारण. दुसरे असे की त्या चोराला पाचशे हत्यांच्या पापाने नरकात जावे लागू नये, आणि त्याला मारण्याचे पाप आपल्या माथी घ्यायची कप्तानाची तयारी आहे. मनूच्या उत्तरात मारणाऱ्याला दोष नाही. इथे मारणारा दोष अंगावर घेऊन मारतो. हा फरक लहान नाही.

टिळक, गांधी, आंबेडकर

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हा वाद पोथ्यांतून बाहेर पडून थेट राजकारणात आला, आणि तो पुण्यात आला. जून १८९७ मध्ये शिवाजी उत्सवातल्या भाषणात लोकमान्य टिळकांनी अफजलखानाच्या वधाची नैतिक बाजू मांडली. मुद्दा असा होता की लोककल्याणासाठी, फळाची आस न धरता केलेल्या कृत्याचा दोष लागत नाही. घरात चोर शिरले आणि त्यांना हाकलायची ताकद नसेल, तर दार बंद करून त्यांना जाळून टाकण्यास आपण कचरू नये, असा दाखलाही त्यांनी दिला. ‘केसरी’च्या १५ जूनच्या अंकात याचा वृत्तान्त आला. २२ जूनला पुण्यातला प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, आणि पुढे राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली.

मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त हा विचार शास्त्राच्या अंगाने येतो. ‘कर्मजिज्ञासा’ या प्रकरणात अहिंसा, सत्य असे सर्वमान्य नियमही व्यवहारात अपवादांशिवाय टिकत नाहीत हे दाखवताना टिळक मनूचे आततायीचे वचन घेतात आणि आधुनिक फौजदारी कायद्यानेही आत्मसंरक्षणाचा हक्क काही मर्यादेत मान्य केल्याचे सांगतात. टिळकांचा भर असा: नियम खरा, पण नियमाचा हेतू नियमाहून मोठा.

गांधीजींनी १९०९ साली ‘हिंद स्वराज’मध्ये नेमका चोराचाच दाखला घेतला आणि उलटा फिरवला. घरात शिरलेला चोर माझा बाप निघाला तर मी एक उपाय करीन, ओळखीचा निघाला तर दुसरा, अनोळखी सशस्त्र निघाला तर तिसरा. मग चोर ही एक ठरलेली जात कुठे राहिली? समोरचा कोण आहे आणि त्याला काय हवे आहे यावर साधन ठरते, आणि साधनावर फळ. हा नुसता पुस्तकी युक्तिवाद नव्हता. फेब्रुवारी १९०८ मध्ये जोहान्सबर्गच्या रस्त्यावर त्यांच्यावर काठ्यांनी हल्ला झाला आणि ते बेशुद्ध पडले. शुद्धीवर आल्यावर हल्लेखोरांवर खटला नको, हीच त्यांची मागणी होती. पण त्यांचे मत एवढ्यावर संपत नाही. ऑगस्ट १९२०च्या ‘यंग इंडिया’तल्या लेखात ते सांगतात की त्या प्रसंगी आपण हजर असतो तर काय करायला हवे होते, असे थोरल्या मुलाने विचारले, तेव्हा बळ वापरूनही बापाचे रक्षण करणे तुझे कर्तव्य होते, असे उत्तर त्यांनी दिले. भ्याडपणा आणि हिंसा यांतच निवड असेल तर ते हिंसेचा सल्ला देतात. टिळक आणि गांधी यांना दोन टोकांना उभे करणाऱ्यांनी हा लेखही वाचायला हवा.

डॉ. आंबेडकरांची टीका वेगळ्या बाजूने येते. ‘कृष्ण अँड हिज गीता’ हा त्यांचा लेख महाराष्ट्र शासनाने काढलेल्या ग्रंथमालेच्या तिसऱ्या खंडात, १९८७ साली, मरणोत्तर प्रसिद्ध झाला. आत्मा मरत नाही, म्हणून मारण्यात दोष नाही, हा बचाव एखाद्या वकिलाने खुनाच्या खटल्यात मांडला तर त्याची रवानगी वेड्यांच्या इस्पितळात होईल, असे ते म्हणतात. लक्षात घ्यायचे ते हे की आंबेडकर आत्मसंरक्षणाच्या तर्कावर हल्ला करत नाहीत. त्यांचा रोख गीतेने प्रत्यक्ष वापरलेल्या तर्कावर आहे. दंडातल्या वर्णभेदावरची त्यांची टीका जोडून वाचली, तर ब्राह्मण आततायीच्या अपवादाकडे आज केवळ टीकाग्रंथांतली बारकाई म्हणून पाहता येत नाही.

कायद्याने काय घेतले, काय सोडले

मेकॉलेच्या विधी आयोगाने १८३७ साली केलेल्या मसुद्यावरून १८६०ची भारतीय दंडसंहिता झाली. खासगी बचावाच्या हक्काची तिची ९६ ते १०६ ही कलमे जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ३४ ते ४४ म्हणून आली आहेत. ही कलमे स्मृतींतून घेतलेली नाहीत, ती इंग्रजी विचारातून आली. तरी वसिष्ठाची यादी शेजारी ठेवून वाचली की काय बदलले ते स्पष्ट दिसते.

शस्त्र उगारणारा आणि स्त्रीवर बलात्कार करू पाहणारा, यांच्याबाबत मृत्यू घडवण्यापर्यंत हक्क जातो. राहत्या घराला आग लावणाऱ्याबाबतही. धन चोरणाऱ्याबाबत मात्र दरोडा, रात्रीची घरफोडी किंवा जिवाला धोका असेल तरच. केवळ शेत बळकावले म्हणून कोणाला मारता येत नाही. त्यासाठी दिवाणी न्यायालय आहे. मनूने ‘बालक असो की म्हातारा’ म्हटले होते. कायदाही सांगतो की हल्लेखोर बालक असो, वेडा असो की नशेत असो, बचावाचा हक्क तोच राहतो. ब्राह्मणाचा अपवाद अर्थातच नाही. पोलिसांकडे जायला वेळ असेल तर हक्क नाही, आणि गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या २०१० सालच्या निकालात स्पष्ट केले की हा हक्क संकट टाळण्यासाठी आहे, सूड उगवण्यासाठी नाही. पण पळून जाण्याचा मार्ग होता म्हणून तो नाकारताही येत नाही. मनूच्या दोन श्लोकांपैकी कायद्याने पहिल्यातले ‘चालून येत असलेला’ ठेवले आणि दुसऱ्यातले ‘गुपचूप’ सोडून दिले, असे म्हणता येईल.

जे सुटलेले नाही

पहिला प्रश्न कृत्याचा की माणसाचा. शतरुद्रियापासून मिताक्षरेपर्यंत जे सर्वांत काळजीपूर्वक लिहिले गेले, त्यात आततायी ही माणसाची एका क्षणातली अवस्था आहे. दोरी उतरली की ती अवस्था संपते. सार्वजनिक भाषेत मात्र हा शब्द कायमचा शिक्का होतो. भागवतातला अश्वत्थामा दोन्हींच्या मधे उभा आहे: कृत्य घडून गेले आहे, तो बांधलेला आहे, त्याच्यापासून आता धोका नाही, तरी तो आततायीच म्हटला जातो. पारंपरिक ग्रंथांचा आधार दोन्ही बाजूंना मिळतो. माझा कल पहिल्या बाजूकडे आहे, कारण वधाची सूट देणाऱ्या शब्दाला कालमर्यादा नसेल तर त्या सुटीला अंतच राहत नाही.

दुसरा प्रश्न समूहाचा. यादीतले सहाही जण एकेकटे आहेत, प्रत्येकाने काहीतरी केले आहे. एखाद्या जमातीला, धर्माला वा राष्ट्राला आततायी ठरवण्याची तरतूद स्मृतींत दिसत नाही. अर्जुनाचा शब्द कौरवांच्या पक्षाला उद्देशून आहे हे खरे, पण तिथेही त्याच्या पोटात गोळा येतो तो समोर भीष्म-द्रोण दिसतात म्हणून. युद्धात समोरचा प्रत्येक सैनिक आततायी असतो का, हा प्रश्न टीकाकारांनी क्षात्रधर्माच्या खात्यात टाकून बाजूला ठेवला.

तिसरा प्रश्न स्त्रीचा. स्मृतींत तिच्या रक्षणासाठी इतरांनी शस्त्र धरावे असे आहे. तिने स्वतः धरावे का, यावर त्या जवळजवळ गप्प आहेत. कायद्याने तिला हक्क दिला, पण हक्काचे माप तेच ठेवले: हल्ला समोर हवा, धोका आत्ताचा हवा. रोज मार खाणाऱ्या, दारूच्या नशेत गळा दाबणाऱ्या नवऱ्याबरोबर वर्षानुवर्षे राहणाऱ्या बाईच्या बाबतीत हे माप अपुरे पडते. तिच्या घरात हल्ला संपतो तो फक्त उद्यापर्यंत. ‘चालून येत असलेला’ आणि ‘करून गेलेला’ यांत तिने अंतर कसे मोजायचे, हे ना मनू सांगतो, ना विज्ञानेश्वर, आणि न्यायालयांपुढे तो प्रश्न प्रकरणागणिक नव्याने उभा राहतो आहे.